कांचनभटाचा सौदा

किर्लोस्कर नाटक मंडळीने १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' केले, दोन वर्षांनी 'सौभद्र'. १८८५ मध्ये मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर गेले. मंडळी मात्र टिकली. राजे, ऋषी आणि देव हेच तिचे भांडवल होते. १८९९ साली इंदूरला तिने नाटककार देवलांचे 'शारदा' रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटक थेट शेजारच्या घरात शिरले. देवलांची बाकीची नाटके रूपांतरे; पूर्णपणे त्यांचे स्वतःचे असे हे एकच.

पैशासाठी आपली लहान लेक शारदा जरठ भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट आणि मध्ये लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित. मला या नाटकात सर्वांत खरा वाटतो तो भद्रेश्वरच. तो प्रत्येकाला त्याच्या मनातलेच ऐकवतो. म्हाताऱ्याला तरुण म्हणतो, बापाच्या लोभाला लेकीचे कल्याण म्हणतो. म्हणून त्याची लबाडी चालते. वधूवर सगोत्र असल्याचे बिंग फुटून लग्न मोडते, तोवर प्रेक्षक पोटभर हसलेला असतो. शारदा गाऊ लागली की मात्र आपण कशाला हसलो ते त्याला बोचते. देवलांचे मोठेपण इथे आहे.

 

हे सारे परभणीत बसून लिहावेसे वाटते, कारण 'शारदा'चा विषय इथे इतिहासजमा झालेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्यात हे प्रमाण तेव्हा सर्वाधिक होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे केंद्रही परभणीत असते. इथल्या हौशी मंडळींनी 'शारदा' पुन्हा हाती घ्यावे, पण कांचनभट जसाच्या तसा उभा करू नये. इथला बाप बहुधा लोभी नसतो. कोरडवाहू रान, ऊसतोडीला जाताना मागे राहणाऱ्या पोरीची काळजी आणि हुंड्याचा वाढता आकडा त्याला घाई करायला लावतात. भद्रेश्वर मात्र बदलायची गरज नाही. पूर्वी तो गोत्र लपवत होता. आता त्याच्या हाती पोरीच्या जन्मतारखेचा कागद द्यावा.