गंधकावर उमटलेली तारीख

२२ ऑक्टोबर १९३८, शनिवार. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं अ‍ॅस्टोरिया. जिना चढून तुम्ही भाड्याच्या छोट्या खोलीत शिरता. टेबलाशी दोघे आहेत. चेस्टर कार्लसन पेटंटच्या कामातला माणूस. कागदांच्या नकला त्याला कधी पुरत नाहीत, आणि हाताने उतरवून घ्यायच्या तर सांधे दुखतात. दुसरा ऑटो कॉर्नाय, ऑस्ट्रियाहून आलेला भौतिकशास्त्रज्ञ.

जस्ताच्या पत्र्यावर गंधक वितळवून त्याचा थर चढवलाय. कॉर्नायने काचपट्टीवर काळ्या शाईने तारीख आणि ठिकाण लिहिलंय. खिडकीचा पडदा ओढला जातो. आता नीट बघा. रुमालाने गंधक खसाखसा घासला जातो, त्यावर विजेचा भार साठतो. वर काचपट्टी ठेवून काही सेकंद प्रखर दिवा. काचपट्टी उचलली. पत्र्यावर तुम्हाला काहीच दिसत नाही.

या खोलीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच घटका. अंधारात गंधक वीज वाहू देत नाही, त्यामुळे भार जागच्या जागी राहतो. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तेवढ्याच भागातला भार खालच्या जस्तात निघून जातो. अक्षरांच्या सावलीत मात्र तो शाबूत आहे. उजेडाने खोडरबराचं काम केलंय.

आता लायकोपोडियमची पूड भुरभुरवली जाते. हलकी फुंकर. मोकळी पूड उडते आणि गंधकावर अक्षरं उरतात: १०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया. मेणकागद दाबून तापवला की ती कागदावर येतात.

कॉर्नायला यात फारसं भवितव्य दिसत नाही. पुढे तो दुसरी नोकरी धरतो. त्याला दोष देऊ नका. वीसहून अधिक कंपन्याही कार्लसनला परत पाठवणार आहेत. १९४४ मध्ये ओहायोतली बॅटेल संस्था हात देते, आणि तिथल्या प्रयोगांत गंधकाची जागा सेलेनियम घेतं. उजेडाला ते कितीतरी पटींनी चांगली दाद देतं.

तिथून थेट १९५९ मध्ये या. समोर झेरॉक्स ९१४, वजन जवळपास ३०० किलो. आत सेलेनियमचा लेप दिलेला चकचकीत ड्रम फिरतोय. भार, उजेड, पूड, उष्णता, क्रम अ‍ॅस्टोरियाचाच. रुमाल तेवढा गेला. भार आता उच्च दाबाच्या तारेतून येतो.

आणखी तीसेक वर्षं पुढे, आपल्याकडे, तहसील कचेरीबाहेरचं दुकान. मशीनच्या काचेवर तुमचा सातबारा पालथा ठेवलाय. काचेखालून उजेडाचा पट्टा सरकतो, कागदाच्या पांढऱ्या भागावरून परतून ड्रमवर पडतो आणि तिथला भार घालवतो. तलाठ्याच्या सहीपुरता तो तसाच राहतो, आणि काळी पूड तिथेच जाऊन चिकटते.