शॅम्पेन आणि नारायणगाव

फ्रान्समध्ये बोर्दो, बरगंडी, शॅम्पेन ही आधी मुलखांची नावे, मग वाइनची. कोणत्या शिवारातल्या द्राक्षांना ते नाव लावायचे, याची शिस्त तिथे १९३५ च्या कायद्याने बसवली. एखादा वाइनवाला बुडाला तरी नाव शिवाराकडेच राहते.

आपल्याकडे नाव कारखानदाराचे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातील नारायणगावी, शॅम्पेनच्या पायपर-हाइडसिक या घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेऊन, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन केली. ती परदेशी गेली ‘ओमर खय्याम’ म्हणून. द्राक्ष जुन्नरचे, नाव इराणी कवीचे! (चव मात्र जैन घरातल्या मला विचारू नये.)

फ्रान्सची वेल हिवाळ्यात झोपते; तिला वर्षाला एक छाटणी पुरते. आपली वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरला की फळछाटणी. आळंद-सोलापूरच्या बागायतदाराला हे सांगायला नको. या कसबाचा बाटलीवर उल्लेख नसे.

१९९९ मध्ये राजीव सामंतांनी नाशिकला सुला काढली. २००१ च्या सरकारी धोरणाने तिथे कारखाने वाढले. २००८ च्या मंदीनंतर मागणी घटली, चौगुल्यांची कंपनी मोडली, अनेक शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. टॉमसन विकला नाही तर बेदाणा होतो. वाइनचे बारीक, बियांचे द्राक्ष खायला कोण घेणार?

पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळाले. नारायणगाव लोकांना ठाऊक आहे ते टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या राहुट्यांसाठी.