खाड्यांचा हिशेब

गिरणीच्या हजेरीबुकात नावापुढे रिकामी राहिलेली जागा म्हणजे खाडा. कामगाराची त्या दिवसाची रोजी बुडाली आणि मालकाचे एक यंत्र बिनमाणसाचे राहिले, एवढाच खरे तर त्याचा अर्थ. पण मुंबईच्या काही गिरण्यांत या शब्दाचा एक थोरला भाऊ होता: ‘डबल खाडा’. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा. घरात बाळंतपण असो की गावाकडे पेरणी, हिशेब तोच.

त्याच काळात नागपूरच्या एका गिरणीने खाड्यांचा हिशेब वेगळ्या पद्धतीने मांडून पाहिला.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. भांडवल १५ लाख रुपये. गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरण असण्याचे ते दिवस. जमशेटजींनी ते मोडले आणि कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी उभारायची ठरवली. वर्धा-हिंगणघाटचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे १८६७ सालीच नागपुरात आलेली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन तिच्यात भराव टाकायला सुरुवात झाली, तेव्हा एका स्थानिक सावकाराने कर्ज नाकारले. हा माणूस खड्ड्यात पैसा ओततोय, असे त्याचे मत पडले. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणीचा भोंगा वाजला. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, म्हणून गिरणीचे नाव ‘एम्प्रेस मिल’.

भोंगा वाजला, पण घडी बसली नाही. त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून एम्प्रेसच्या कामगारांनी काम थांबवले. देशातल्या कापड गिरण्यांमधला नोंदला गेलेला पहिला संप म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे जिच्या कामगार-कल्याणाची उदाहरणे दिली गेली, त्या गिरणीचे पहिले वर्ष असे गेले.

संप मिटला तरी खाडे राहिलेच. मुंबईत शंभरातले आठ-दहा कामगार गैरहजर असत. नागपुरात हे प्रमाण विसापर्यंत जाई. म्हणजे दर पाचांतला एक जण कामावर नाही. याचे कारण आळस, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण गिरणीत आलेला माणूस कालपर्यंत शेतात राबत होता, नाहीतर घरच्या मागावर बसत होता. पेरणी, कापणी, लग्नसराई, जत्रा यांच्या तालावर त्याचे वर्ष चालत आले होते. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत एकाच छपराखाली, भोंग्याच्या हुकमाने उभे राहायचे, ही कल्पनाच त्याला नवी होती. घरचा माग चालवणाऱ्या कोष्ट्याला काम कधी थांबवायचे हे कोणी सांगत नसे.

आणि ते छप्पर नागपूरचे! वैशाखात इथली हवा इतकी कोरडी की कापसाचा धागा ठिसूळ होऊन पटापट तुटतो. चात्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या कामगाराने तुटलेले टोक शोधायचे, चिमटीत धरायचे, पीळ देऊन सांधायचे; तोवर चार हातांवर दुसरे तुटलेले. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर पळापळ. सूत कमी निघाले की बोलणी त्यालाच. मुंबईच्या गिरण्यांत सूतकताईच्या खात्याला कामगार ‘त्रासन’ म्हणत. हा ‘थ्रॉसल’ या इंग्रजी यंत्रनामाचा त्यांच्या तोंडी झालेला अवतार. पण हा अपभ्रंश इतका चपखल बसला, हा काही निव्वळ योगायोग वाटत नाही.

गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता. हा गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेला. कापडधंद्याची ओळख शून्य. यंत्रांची बाजू लँकेशायरहून आलेल्या जेम्स ब्रुक्सबी यांच्याकडे होती. जमशेटजी, मेहता आणि ब्रुक्सबी या तिघांनी जे उपाय केले, त्यांत भाषणबाजी फारशी दिसत नाही. गिरणीत हवा खेळती राहावी अशी सोय केली. हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसवली. आग लागली तर आपोआप पाण्याचे फवारे सुटावेत म्हणून छताला नळ्या लावल्या. ओलाव्याच्या यंत्रांनी धागा कमी तुटला, तसा सांधणाऱ्याचा जीवही थोडा सुखावला. मालकाचा फायदा आणि कामगाराचा आराम इथे एकाच नळीतून आला.

मग पैशाची बाजू. १८८६ मध्ये गिरणीने पेन्शन फंड सुरू केला. १८९५ पासून कामावर अपघात झाल्यास भरपाई मिळू लागली. या दोन सनांचे वजन कळायला शेजारी कायद्यांच्या सनावळ्या ठेवाव्या लागतात. अपघाताची भरपाई देणारा कायदा देशात आला १९२३ साली, म्हणजे २८ वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा त्यानंतर, १९५२ मध्ये. आठवड्याची एक सुट्टीसुद्धा सुखासुखी मिळाली नव्हती. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना मुंबईत सभा घ्याव्या लागल्या, अर्ज करावे लागले. १८९० मध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

तिसरा उपाय सगळ्यांत साधा, आणि गावात चर्चा झाली असेल तर याचीच. गिरणीत दरवर्षी खेळांचे सामने आणि बक्षीस समारंभ होऊ लागले. कामगारांनी बायकामुलांसह यायचे. बक्षिसांत सोन्याची कडी असत, घड्याळे असत, कापड आणि रोख रक्कमही असे. एरवी मजुरीचे पैसे खिडकीतून हातावर पडत आणि वाण्याच्या वहीत जिरत; सोन्याचे कडे मात्र मनगटावर राहते. लग्नकार्यात ते दिसते, कोणी विचारले की सांगता येते. गिरणीत काम करणे म्हणजे शेती सुटलेल्याची लाचारी, हा समज पुसायला असल्या कड्याचा उपयोग किती झाला असेल, हे हिशेबाच्या वहीत सापडणार नाही.

हे सारे दानधर्म म्हणून केले, असा आव खुद्द जमशेटजींनी आणला नाही. १८९५ मधल्या एका भाषणात त्यांनी साफ सांगितले, की आम्ही इतरांहून अधिक उदार किंवा परोपकारी असल्याचा आमचा दावा नाही. भागधारकांचे हित आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हाच धंद्याचा पाया आम्ही मानला. पाचांतला एक माणूस रोज गैरहजर असणे किती महाग पडते, हे त्यांना ठाऊक होते. दंड लावून माणूस गिरणीत उभा करता येतो. तुटलेला धागा त्याने लगबगीने सांधावा, ही सक्ती दंडाला जमत नाही.

मुंबईत मालक आणि कामगार यांच्या मध्ये जॉबर होता. कामावर घेणे, काढणे, सुट्टी देणे सगळे त्याच्या हातात, आणि त्याचा हात ओला केल्याशिवाय पान हलत नसे. पगार महिन्याने, तोही थकवून. त्यामुळे काम सोडणाऱ्याचे पैसे गिरणीत अडकून पडत. अशा व्यवस्थेत मालकाने कामगाराचे तोंड पाहण्याचा प्रसंगच येत नसे.

नागपूरनंतर तीस-पस्तीस वर्षांनी तोंड पाहण्याचा हा प्रश्न दक्षिण महाराष्ट्रात अगदी निराळ्या रीतीने सुटला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे एकेकाळी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. वरिष्ठाच्या एका निर्णयाने माणसाचे मन कामावरून कसे उडते, हे त्यांनी स्वतः सोसले होते. पुढे बेळगावातली धंद्याची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तिथे नांगरांचा कारखाना आला. माळावर निवडुंग आणि साप. राहायला घर नाही, प्यायला पाणी नाही. मालक आणि कामगार यांना एकाच वेळी निवडुंग तोडावा लागला, एकाच विहिरीची वाट पाहावी लागली. कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या वसाहतीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामुअण्णा पाहत. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना तिथे पहारेकऱ्याचे काम मिळाले. ज्यांच्यावर चोरीचा शिक्का, त्यांच्याच हाती राखण. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. १९२० मध्ये कारखान्याची खबरबात देणारे ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. कारखान्याच्या बातम्या छापण्यालायक असतात, असे मानणारे मालक तेव्हा किती होते?

तरीही नागपूरच्या कथेचा शेवट गोड करून सांगणे बरोबर नाही. पेन्शन होते, बक्षिसे होती, आणि तरी एम्प्रेसमध्ये संप होत राहिले. विसाव्या शतकात रुईकरांसारख्या कामगार नेत्यांनी नागपूरच्या गिरण्यांत संघटना बांधली, ती मजुरीच्या प्रश्नावर. सोन्याच्या कड्याने मजुरीचा दर भरून निघत नाही, हे कामगारांनी १८७७ सालीच सांगितले होते, आणि ते मत त्यांनी कधी बदलले नाही. एम्प्रेसचे उपाय चालले ते जिथे खरी अडचण होती तिथे: कोरडी हवा, म्हातारपणाची धास्ती, तुटलेले बोट, गावात नसलेली पत. मजुरीच्या जागी त्यातला एकही उपाय चालला नाही.

‘डबल खाडा’ मात्र गेला. १९३६ च्या वेतन कायद्याने, जितके दिवस गैरहजर तितक्याच प्रमाणात पगार कापण्याचे बंधन मालकांवर घातले. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांकडून राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. आणि महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांच्या पगारपत्रकात, महिनाभर एकही खाडा न करणाऱ्यासाठी, ‘हजेरी भत्ता’ नावाची एक ओळ अजून छापली जाते.