गणिताच्या शिक्षकाने मोजलेले ऊन

१/ भंडारा जिल्ह्यातील शहापूरपासून पूर्व विदर्भातल्या अनेक गावांत घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेला ‘सांदवाडी’ म्हणतात. चार वांगी, मिरची, मांडवावर दोडक्याचा वेल. ही जागा गावठाणातली. सातबाऱ्यावर तिची नोंद नसते. शेतीच्या इतिहासानेही तिची फारशी दखल घेतलेली नाही. म्हणून हा थ्रेड.

२/ मार्च १९४२. जपानने रंगून घेतले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम काढली. तिचे माप होते एकर आणि टन. १९५२ मध्ये कृष्णम्माचारी समितीने तिचा आढावा घेतला आणि निष्कर्ष दिला : ग्रामजीवनाच्या सर्व अंगांना ही मोहीम भिडलीच नाही. परसातल्या वांग्याला टनाचे माप कसे लागावे?

३/ हे माप बदलले कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी. (डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे हे ज्येष्ठ बंधू. त्यांचे कार्य मात्र तुलनेने विस्मृतीत गेले.) पेशा गणिताच्या शिक्षकाचा, त्यामुळे त्यांचा प्रश्नही हिशेबी होता : जमीन किती हे कशाला विचारायचे? एक चौरस फूट हिरवे पान दिवसभराच्या उन्हातून किती अन्न साठवते, ते मोजा. मग वेल मांडवावर का चढवायचा, दाट सावलीतले पान निरुपयोगी का, हे आपोआप उलगडते. माती विकत आणायची नाही. पालापाचोळा आणि काडीकचरा कुजवून ती घरीच तयार करायची. या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाला १० गुंठे, म्हणजे पाव एकर, पुरेसे आहेत असा त्यांचा दावा होता.

४/ दावा धाडसी होता, आणि तो सर्वत्र सिद्ध झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’त कोणी आदेश देत नसे. शेतकरी स्वतः प्रयोग करीत आणि निष्कर्ष एकमेकांना कळवीत. तासगावच्या द्राक्षबागाईतदारांनी हीच रीत उचलली.

५/ मुंबईत तर गुंठाही दुर्मीळ. वांद्र्याच्या गच्चीवर डॉ. आर. टी. दोशींनी उसाच्या चिपाडांवर भाजी वाढवली. २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातील अधिकारी प्रीती पाटील यांनी तिथल्या भाजीच्या देठा-सालींचा प्रश्न सोडवण्यासाठी हीच वाट धरली. हजारो कामगारांच्या जेवणातला ओला कचरा गच्चीवर चढला, कुजून माती झाला, आणि गोदीच्या डोक्यावर भाज्या, फळझाडे उभी राहिली.

६/ दाभोळकरांचे ‘प्लेंटी फॉर ऑल’ १९९८ मध्ये आले. २००१ मध्ये ते गेले. गच्चीवरची ती बाग त्यांनी पाहिली नाही.