पिंजऱ्यातला शुभंकर आणि आमचा अंबारीतला फोटो



माझ्या भाचीची मुलगी अमेरिकेत लुइझियाना राज्यात शिकते. नोव्हेंबर २०२४ मधल्या एका रविवारी सकाळी मी देवळातून घरी आले, तर फोनवर तिचा व्हिडिओ आलेला. फुटबॉलचं खच्चून भरलेलं मैदान, बँडचा दणदणाट, डोळे दिपवणारे दिवे आणि त्या सगळ्या गोंगाटात चाकांच्या पिंजऱ्यातून आणलेला एक जिवंत वाघ. खाली लिहिलं होतं, "मावशीआजी, बघ, आमच्या मॅचला खरा वाघ!"

मी चहा बाजूला ठेवला आणि तिला लांबलचक उत्तर लिहिलं. मुक्या जिवाला असं छळायचं, त्यावर टाळ्या वाजवायच्या, आपल्या घरात हेच शिकवलं का, वगैरे वगैरे. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. "पण मावशीआजी, तूपण हत्तीवर बसली होतीस ना? मुलुंडच्या घरी हॉलमध्ये फोटो आहे की."

फोटो आहे. १९८७ सालचा. सांगलीकडे सासरच्या गावी पंचकल्याणक होतं आणि सासऱ्यांनी सौधर्म इंद्राची बोली घेतली होती. हे इंद्र झाले, मी शची. बालतीर्थंकरांची मूर्ती घेऊन आम्ही अंबारीत बसलो आणि मिरवणूक पांडुकशिलेकडे निघाली. ते पुण्य मी आयुष्यभर सांगत आले. त्या दिवशी मात्र मुलीला उत्तर सुचेना. मग मी थोडं वाचलं, थोडं आठवलं, आणि हा लेख म्हणजे तिला दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

संघाची किंवा स्पर्धेची ओळख म्हणून जो प्राणी निवडतात त्याला आपल्याकडे शुभंकर म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये जिवंत शुभंकर पाळायची पद्धत जुनी आहे. सुरुवात येल विद्यापीठापासून झाली असं मानतात. तिथल्या एका विद्यार्थ्याने १८८९ साली एक बुलडॉग विकत घेतला, त्याला सामन्यांना न्यायला लागला आणि तो कुत्राच कॉलेजचा शुभंकर झाला. तो मेल्यावर त्यात भुसा भरून त्याला काचेच्या कपाटात ठेवलं. १८९३ मध्ये त्यांच्या नौदल अकादमीने सामन्याला बोकड आणला. मग कुठे बैल, कुठे अस्वल, कुठे गवा, असं एकाचं पाहून दुसऱ्याने सुरू केलं.

टेक्सास विद्यापीठाच्या बैलाची गोष्ट वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. १९१६ मध्ये लांब शिंगांचा एक बैल त्यांनी सामन्याला आणला. त्याचं नाव पुढे बेवो पडलं. काही महिन्यांतच प्रतिस्पर्धी कॉलेजच्या मुलांनी गुपचूप जाऊन त्याच्या अंगावर तापल्या लोखंडाने १३-० असे आकडे डागले. आदल्या वर्षी त्यांनी टेक्सासला तेवढ्या गुणांनी हरवलं होतं म्हणून! पुढे त्या बैलाच्या दाणापाण्याचा खर्च जड वाटायला लागला. जानेवारी १९२० मध्ये फुटबॉल संघाची मेजवानी झाली आणि तिच्यात तोच बैल कापून वाढला. ज्या कॉलेजने डागलं होतं त्यांनाही आमंत्रण होतं. डागलेल्या जागेचं कातडं त्यांना भेट दिलं. ज्याच्या नावाने जयजयकार केला तो खर्चाच्या बाजूला गेला आणि खातं बंद झालं. मी कॉमर्सची, मला हिशोब कळतो. पण हा हिशोब कळायला नको होता असं वाटलं.

आता आमच्या मुलीच्या लुइझियानातला वाघ. १९३६ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी पाव-पाव डॉलर वर्गणी काढून ७५० डॉलर जमवले आणि लिटल रॉकच्या प्राणिसंग्रहालयातून वाघाचं पिल्लू आणलं. नाव ठेवलं माइक. तो मेला की दुसरा माइक, मग तिसरा. सामन्याच्या दिवशी त्याचा पिंजरा पाहुण्या संघाच्या खोलीच्या वाटेवर उभा करायचे, म्हणजे समोरचे खेळाडू दबकतील. वाघ जितक्या डरकाळ्या फोडील तितक्या वेळा आपला संघ गुण घेईल अशी समजूत होती. विचार करा, जंगलात रात्री एकट्याने फिरणारा प्राणी हजारोंच्या आरडाओरड्यात पिंजऱ्यात उभा आहे, तो डरकाळी फोडतोय, आणि लोकांना वाटतंय की तो आपल्या बाजूने ओरडतोय.

पण तिथली माणसंही बदलली. आधीच्या पिंजऱ्याच्या जागी २००५ मध्ये पाणी, झाडं असलेलं मोठं कुंपण झालं. सहावा माइक २०१६ मध्ये कर्करोगाने गेला. २०१७ मध्ये सातवा आला तेव्हा विद्यापीठाने जाहीर केलं की याला मैदानात नेणार नाही. म्हणजे २०२४ च्या व्हिडिओतला वाघ त्यांचा नव्हताच. राज्याच्या गव्हर्नरना परंपरा पुन्हा सुरू करायची हौस होती, म्हणून फ्लोरिडाहून दुसरा एक वाघ आणला होता. सामना लुइझियानाचा संघ ४२ विरुद्ध १३ असा हरला. वाघाने काय करावं अशी अपेक्षा होती कोण जाणे.

हे सगळं वाचताना मला वाटत होतं की आपल्याकडे असलं काही नाही. आणि मग अप्पू आठवला.

१९८२ साली मी बी. कॉम. करत होते. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं होतं, पण आमच्या चाळीत एकाच घरी रंगीत टीव्ही. १९ नोव्हेंबरला दिल्लीत एशियाडचं उद्घाटन झालं. केरळातून खास आणलेले हत्ती आम्ही त्या एका खोलीत दाटीवाटीने बसून पाहिले. शुभंकर होता अप्पू, हत्तीचं गोंडस पिल्लू. वह्यांवर अप्पू, बिल्ल्यांवर अप्पू. दिल्लीत पुढे १९८४ मध्ये अप्पू घर नावाचं मुलांचं उद्यान झालं. माझ्या मनात अप्पू म्हणजे एक चित्र होतं.

पण त्या चित्रामागे एक खरं पिल्लू होतं. त्याचं नाव कुट्टीनारायणन. लहान वयातच ते मैल्याच्या टाकीत घसरून पडलं आणि त्याचा पाय मोडला. ती जखम कधीच पुरती बरी झाली नाही. मे २००५ मध्ये तो हत्ती मेला. दिल्लीतलं अप्पू घर त्यानंतरही तीन वर्षं चालू होतं. आम्ही वह्यांवर त्याचं चित्र चिकटवलं, पण त्याचा पाय कसा आहे हे आमच्यापैकी कुणीही कधी विचारलं नाही. कुणाचा दुष्टपणा नव्हता त्यात. खेळ संपला, चित्र उरलं, आणि चित्र लंगडत नाही.

आपल्या देशात पुढे कायदा आला. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ करायला लावणं किंवा त्यासाठी शिकवणं १९९८ च्या अधिसूचनेने बंद झालं आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. २००८ मध्ये पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांचा शुभंकर होता जिगर नावाचा वाघ, पण तो वाघाचा पोशाख घातलेला माणूस होता. मुलांनी त्याच्याशी हात मिळवले, फोटो काढले. खेळाचा आनंद काही कमी झाला नाही. घामाघूम झाल्यावर या वाघाला मुखवटा काढून पाणी पिता येत होतं, एवढाच फरक.

आता आपल्या घरात येऊ या.

शुभंकर ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या चोवीस तीर्थंकरांची ओळख लांछनावरून पटते आणि त्यांतली निम्म्याहून जास्त लांछनं प्राण्यांचीच आहेत. आदिनाथांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, कुंथुनाथांचा बोकड, महावीरांचा सिंह. अमेरिकेतल्या कॉलेजांनी जे जे प्राणी पिंजऱ्यात घातले, त्यांतले कितीतरी आपल्या मूर्तींच्या पीठावर बसले आहेत. पण दगडात कोरलेले. महावीरांच्या देवळाबाहेर कुणी सिंह बांधला नाही, आणि त्यामुळे महावीरांची ओळख पटायची कधी राहिली नाही. तीर्थंकरांच्या मातेलाही हत्ती दिसतो तो स्वप्नात.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. जिवाला बांधून ठेवणं, मारणं, त्याचं अंग छेदणं, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. तत्त्वार्थसूत्रात ते दिले आहेत. मी ते पाच पुढ्यात ठेवले आणि एकेक गोष्ट ताडून पाहिली. वाघाचा पिंजरा पहिल्यात बसतो. बेवोच्या अंगावरची डागणी तिसऱ्यात. मग मी माझा फोटो पाहिला. इतकी वर्षं मी त्यात माझा शालू आणि मुकुट पाहत आले होते. हत्तीच्या पायातला साखळदंड फोटोत स्पष्ट दिसतो. माहुताच्या हातातला अंकुशही दिसतो. तो हत्ती भाड्याने आणला होता, कुठून आणला आणि पुढे कुठे गेला मला माहीत नाही. बोलीचा आकडा मात्र मला आजही पाठ आहे.

हे लिहायला सोपं नाही, कारण नांदणीची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या मनात ताजी आहे. नांदणी मठाची महादेवी, आपली माधुरी, १९९२ पासून मठात होती. उच्चाधिकार समितीने तिच्या पायांच्या दुखण्यावर बोट ठेवलं. तिची काळजी नीट घेतली जाते असं मठाचं म्हणणं होतं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयांनी निकाल दिला आणि तिला जामनगरला वनतारात नेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो लोक पायी गेले. माझी धाकटी जाऊ त्यांत होती. फोनवर ती रडत म्हणाली, "वहिनी, घरातली लेक नेल्यासारखं वाटतंय." मी तिला काहीही समजावलं नाही. तिचं रडणं खरं होतं. लुइझियानातही वाघ मेला तेव्हा मुलं खरंच रडली असतील. माया खोटी असते असं मी म्हणतच नाही.

पण मायेने साखळदंड हलका होत नाही. कोणता निकाल बरोबर आणि हत्तीण कुठे राहावी हे मी मुलुंडच्या घरात बसून ठरवू शकत नाही. मी एवढंच ठरवू शकते की जो प्रश्न मी परक्या मुलांच्या वाघाबद्दल विचारला तो आपल्या हत्तीबद्दलही विचारायचा. आपली परंपरा म्हणून तो गिळायचा नाही. नेमिनाथ स्वतःच्या लग्नाच्या वरातीत होते. राजुल वाट पाहत होती, दोन्हीकडची माणसं खोळंबली होती. वाटेत त्यांना कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला आणि त्यांनी रथ वळवला. आपल्याच मिरवणुकीत आपल्याला तो आवाज ऐकू येतो का, हीच आपली परीक्षा आहे.

मार्गही आहेत. केरळात इरिंजाडप्पिल्ली इथल्या कृष्णमंदिराने २०२३ मध्ये यांत्रिक हत्ती स्वीकारला. आपल्याकडे उपनगरांत मी चाकांवरचा ऐरावत पाहिला आहे. पांढराशुभ्र, झूल घातलेला. त्यावर बसणाऱ्या इंद्र-इंद्राणीच्या डोळ्यांत तेच पाणी होतं जे १९८७ मध्ये माझ्या होतं. शास्त्रातला ऐरावत पांढरा आहे, म्हणजे तसं पाहिलं तर आमच्या काळ्या हत्तीपेक्षा हाच जास्त जवळचा!

सासरच्या गावी पुन्हा पंचकल्याणक करायचं घाटतं आहे. मी कळवलं आहे की आमच्या घरातून बोली होईल ती चाकांच्या ऐरावतासाठी. जाऊबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही. वाद घालायचा नाही, वाट पाहायची, असं मी ठरवलं आहे.

फोटो हॉलमध्येच राहील. काढून टाकला तर ते झाकणं होईल. भाचीच्या मुलीला मी शेवटी लिहिलं, "हो बाळा, बसले होते. साखळदंड दिसत होता आणि मी पाहिला नाही. तू तुझ्या वाघाचा पिंजरा पाहिलास का?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी लिहिलं, "पाहिला."

जय जिनेंद्र.