हिराकस : लिहिणारा आणि कुरतडणारा

हिराकस म्हणजे लोखंड आणि गंधकाम्ल यांच्यापासून होणारा हिरवट, खड्यांसारखा क्षार. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याच्या बाटलीवर ‘फेरस सल्फेट’ अशी चिठ्ठी असते. दमट हवेत उघडा राहिला, की त्याच्यावर तांबूस-पिवळी पुटे चढतात. दिसायला असा सामान्य. परंतु युरोपचा हजार-दीड हजार वर्षांचा लेखी संसार याच क्षाराने मांडला.

कीटकाच्या उपद्रवाने ओक जातीच्या झाडावर गाठी येतात. तीच माजुफळे. त्यांचा तुरट काढा, हिराकस आणि डिंक एकत्र केले, की शाई तयार. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याला हा गुण ठाऊक होता. तांब्याच्या जंगालात हिराकसाची भेसळ आहे काय, हे पाहण्यासाठी माजुफळाच्या रसात भिजवलेला पपायरस वापरावा, भेसळ असल्यास तो काळा पडतो, असे त्याने लिहून ठेवले आहे.

ही शाई लिहिताना फिकट असते. हवा लागली की ती काळी होते. ती कागदाच्या तंतूंत शिरते, म्हणून पाण्याने सहज धुतली जात नाही. दस्तऐवजाला याहून चांगला गुण कोणता? चौथ्या शतकातील सिनाई येथील बायबलची प्रत अशाच शाईने चर्मपत्रावर लिहिलेली आहे.

तथापि या गुणातच दोष दडलेला होता. शाई तयार होताना गंधकाम्ल सुटते, आणि हिराकस प्रमाणाबाहेर पडला असेल तर उरलेले लोह कागदाला आतून जाळत राहते. प्रथम अक्षराभोवती तपकिरी छटा येते, मग अक्षरच गळून पडते. पानावर अक्षराच्या आकाराचे भोक राहते. संगीतकार बाख (१६८५–१७५०) याच्या हस्तलिखितांची अशीच दशा झाली. १८९८ साली स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे या दुखण्यावर विचार करण्यासाठी जाणत्यांची परिषद भरली होती.

आपल्या जुन्या पोथ्यांची काजळाची शाई कागदाच्या वर बसते. ओल लागली तर ती पुसटते, पण कागदाला खात नाही.

कायमचे लिहू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. जे फार खोल रुतते, ते टिकतेच असे नाही. कधी कधी ते ज्याच्यावर लिहिले, त्यालाच संपवते.