बाजीप्रभूंना किती गुण?

गेल्या वर्षी एका रविवारी मी समोरच्याची जवळजवळ सगळी फौज कापून काढली आणि ७९-३८ असा हरलो.

फौज बोटभर उंचीच्या प्लास्टिकच्या शिपायांची होती. पुण्यात एका मित्राच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही आठ जणांनी ‘वॉरहॅमर ४०,०००’ची छोटी स्पर्धा भरवली होती. १९८७ साली इंग्लंडात निघालेला हा खेळ. टेबलावर पडक्या इमारती मांडायच्या, टेपने मोजून शिपाई पुढे सरकवायचे, नेम लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं. दिवाळीतला किल्ला आठवा. फक्त इथले मावळे जागचे हलतात.

स्पर्धा चालते कशी, ते आधी सांगतो. प्रत्येक शिपायाला, प्रत्येक रणगाड्याला ठरलेली किंमत असते. २००० पॉइंटांत बसेल अशी फौज निवडायची आणि तिची यादी आधीच आयोजकाला द्यायची. पहिल्या फेरीतल्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लागतात. पुढच्या फेरीत जिंकलेला जिंकलेल्याशी भिडतो आणि हरलेला हरलेल्याशी. बाद कोणीच होत नाही. ही स्विस पद्धत बुद्धिबळातून आली, १८९५ साली झ्युरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली गेली. आठ खेळाडू असले की तीन फेऱ्यांत तिन्ही डाव जिंकलेला जास्तीत जास्त एकच उरतो. दोघांची बरोबरी झाली तर एकूण गुण बघायचे. एका डावाला तीनेक तास लागतात, त्यामुळे बुद्धिबळाचं घड्याळ शेजारी ठेवलेलं बरं.

आता गुण. आम्ही २०२३ च्या, म्हणजे दहाव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळत होतो. डाव शंभराचा. त्यातले ५० पर्यंत मुख्य कामगिरीचे, म्हणजे बहुतेक वेळा टेबलावरची मोक्याची ठिकाणं राखण्याचे. ४० पर्यंत छोट्या कामगिऱ्यांचे. आणि उरलेले १० फौज नीट रंगवून आणल्याचे! हे १० मला मिळाले, लहानपणी मातीचे मावळे रंगवल्याचा फायदा. पण पहिल्या डावात मी पाचही पाळ्या शत्रू मारत सुटलो. कॉलेजात शिकणारा समोरचा मुलगा शिपाई गमावत होता, पण उरलेले बरोबर मोक्याच्या जागी उभे करत होता. शेवटी त्याचे चार शिपाई आणि एक रणगाडा शिल्लक होता, माझी निम्मी फौज. तरी तो जिंकला.

मला ही लबाडी वाटली. लढाईत जो मारतो तोच जिंकतो ना?

घरी येऊन वाचत बसलो. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. नुकसान फाशांवर ठरायचं. पण दोन्ही बाजूंना आधी कामगिरी दिली जायची आणि मध्ये पंच बसायचा. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका प्रकारात तर शत्रूच्या मागच्या कडेपर्यंत आपली तीन माणसं पोचली की डाव संपतो. मेले किती, हा प्रश्न तिथेही दुसरा.

हे वाचताना मला आमचं गाव आठवलं.

मी भोर तालुक्यातल्या आंबवड्याचा. नागेश्वराचं देऊळ, ओढ्यावरचा संस्थानच्या काळातला झुलता पूल आणि कान्होजी जेध्यांची समाधी ही आमच्या गावाची ओळख. जेध्यांचं कारी गाव जवळच. बाजीप्रभू देशपांडे याच तालुक्यातल्या शिंद गावचे, हिरडस मावळातल्या बांदलांच्या फौजेतले.

१३ जुलै १६६०. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघालेत, मागे सिद्दी जौहरची फौज. बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे घोडखिंड अडवून उभे राहतात. हाच डाव टेबलावर मांडा. बचाव करणाऱ्याची कामगिरी एकच: महाराज गडावर पोचेपर्यंत खिंड सोडायची नाही. मेलेली माणसं मोजली तर बाजीप्रभू हरले, ते स्वतः तिथेच पडले. कामगिरी मोजली तर मुख्य गुण पुरेपूर, पन्नासपैकी पन्नास. पुढे त्या खिंडीला पावनखिंड म्हणू लागले. कुठला तक्ता वापरायचा हे लोकांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. समाधीपाशी नेऊन आजोबा पुढचं सांगायचे. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान, म्हणजे मानकऱ्यांतली पहिली जागा, जेध्यांकडे होती. पावनखिंडीनंतर महाराजांनी तो मान जेध्यांकडून मागून घेतला आणि बांदलांना दिला. जेध्यांनी दिला. मावळात जमिनीच्या नि मानपानाच्या वादावरून पिढ्यान्‌पिढ्या वैरं चालत, तिथे हे सोपं नव्हतं. लहानपणी मला या गोष्टीत काही मजा वाटायची नाही. लढाई कुठाय त्यात? आजोबा म्हणायचे, “अरे, खिंडीत उभं राहणं अवघडच. पण पहिल्या पाटावरून आपणहून उठणं बघ एकदा.”

त्या रविवारी तिसऱ्या फेरीत माझ्यासमोर एक शाळकरी मुलगा होता. दोघेही एकेक डाव जिंकून एकेक हरलेलो. तिथवर मी शहाणा झालो होतो. मारामारी कमी, जागा धरून ठेवणं जास्त. डाव संपला, त्याचे ६९, माझे ६६. नियम असा की गुणांच्या कागदावर दोघांनी बघून सही करायची. मी सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

त्याने कागद परत वरपासून वाचला. “दादा, चौथ्या पाळीत ही मधली जागा तुमच्याकडे होती. तुमचे पाच धरायचे राहिलेत.”

मला आठवतही नव्हतं. त्याने सही केली असती तर कोणाला कळलंही नसतं. त्याने ६६ खोडून ७१ केले, सही केली आणि शिपाई डब्यात भरायला लागला.

मी चौथा आलो, तो पाचवा. आमच्या तक्त्यात लढाईचे रकाने होते, रंगाचा रकाना होता. त्याने जे केलं त्याला रकाना नव्हता.

यंदा दिवाळीला गावी गेलो, तेव्हा पुतण्यांबरोबर घोडखिंड केली. खिंडीच्या तोंडाशी बांदल उभे केले, मागे विशाळगड. एक मावळा उरला. त्याला गडावरच्या दरबारात बसवला, पहिल्या पानाच्या शेजारी, दुसऱ्या जागेवर. धाकट्या पुतण्याने विचारलं, “काका, हा कोण? हा लढत का नाहीये?”

म्हटलं, चल, समाधीपाशी जाऊन सांगतो.